खाडीतला मासा कधी येतो, कधी जातो, हे शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: जयगड खाडीच्या काठावर घर आहे, घरात दोन पिढ्या पाग (हाताने फेकायचं जाळं), गरी (गळ) आणि थोडं गिलनेट (पाण्यात उभं लावायचं, मासा अडकणारं जाळं) चालतं, गेली काही वर्षं मासा पूर्वीच्या वेळेला येत नाही असं सगळेच बोलतात, तर कुठला मासा कधी आत येतो नि कधी बाहेर जातो हे आपलं आपण शोधता येईल का? कासवांना लावतात तसे सॅटेलाइट टॅग माशांना लावता येतील का? आणि बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे बघून काम भागेल का?

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात बरीच वर्षं बंदरांवर सॅम्पलिंग करतोय, म्हणजे मासे मोजायचे, पोट फाडून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, बघायची, कुठल्या जाळ्यात कुठे मिळाले ते विचारून लिहायचं, हेच काम. तर टॅगचं आत्ता डोक्यातून काढा, बंदराचे आकडे जपून वापरा आणि एक वही घाला. त्या वहीत सगळ्यात मोलाची नोंद कुठली म्हणाल तर जाळं टाकलं आणि काहीच लागलं नाही त्या दिवसाची. मासा मिळाला की सगळे सांगतात, फोटो काढतात, व्हॉट्सऍपवर टाकतात, पण जाळं रिकामं आलं ते कोणी लिहीत नाही, आणि मासा कधी आला हे ठरवायला तो आदल्या दिवसापर्यंत नव्हता हे माहीत असावं लागतं ना!

आधी टॅगचं सांगून टाकतो कारण त्याबद्दल खूप जण विचारतात. २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यावरून पाच ऑलिव्ह रिडले कासवांना सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून सोडलं होतं, पुढच्या वर्षी गुहागरहून अजून दोन, त्यातली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, पेपरात आलं होतं बघा. हे जमतं कारण कासव श्वास घ्यायला वर येतं, पाठीवरची अँटेना पाण्याबाहेर आली की तेवढ्यात सिग्नल जातो. खाऱ्या पाण्यातून रेडिओचा सिग्नल जात नाही आणि बांगडा काय श्वासाला वर येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रकार संपला. मोठे ट्यूना, शार्क यांना ठरलेल्या दिवशी आपोआप सुटून वर तरंगणारे टॅग लावतात, पण ते महाग आणि मोठे, खाडीतल्या माशाला झेपायचे नाहीत. खाडीसाठी खरा उपाय आवाजाच्या टॅगचा. माशाच्या पोटात छोटी नळी शिवतात, ती ठराविक वेळाने आवाज सोडते आणि खाडीत खाली बांधलेले रिसीव्हर तो ऐकून मासा कितव्या मिनिटाला जवळून गेला ते लिहून ठेवतात. ऑस्ट्रेलियात जिताड्यावर, तिकडे त्याला बॅरामंडी म्हणतात, असं भरपूर काम झालंय. पण एका टॅगलाच हजारो रुपये, रिसीव्हर लाखाच्या घरात, आणि आपल्या खाडीत बांधलेला रिसीव्हर कुणाच्या तरी जाळ्यात येणार किंवा गाळात जाणार. संस्थेचा प्रोजेक्ट असेल तर गोष्ट वेगळी.

नंबर छापलेली साधी प्लास्टिकची खूण टोचून सोडणं मात्र स्वस्त आहे. सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, १९६० च्या दशकात बांगडा आणि तारलीवर हे करून पाहिलं होतं. त्यात अडचण अशी की ज्याच्या जाळ्यात तो मासा येईल त्याने खूण बघितली पाहिजे, तारीख-ठिकाण लक्षात ठेवलं पाहिजे आणि कळवलं पाहिजे. लाखो बांगड्यांच्या ढिगात ते कोण बघतो. जिताड्यासारख्या एकेक करून विकल्या जाणाऱ्या माशाला जमू शकतं, पण आधी मत्स्यव्यवसाय खात्याला आणि खाडीतल्या बाकीच्या मंडळींना विश्वासात घेऊनच.

आता बंदराचे आकडे. किती टन उतरलं यावरून मासा होता की नव्हता हे ठरवायला गेलात की फसगत होते, कारण त्या आकड्यात माशापेक्षा माणसाचं वेळापत्रक जास्त दिसतं. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा आकडा जवळजवळ बंद, म्हणजे मासे नव्हते असं थोडंच आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या निर्बंधांनंतर पर्ससीनला, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, मग जानेवारीत कागदावर बांगडा-तारली दणकन खाली येतात आणि लोक म्हणतात बांगडा गेला. गेला असेलही, पण जाळं थांबलं हेही कारण आहेच. (कागदावर थांबलं म्हणतोय, प्रत्यक्षात काय चालतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.) २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतो का? ऐन हंगामात आधी क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा ही चक्रीवादळं, बोटी दिवसेंदिवस बंदरात बांधलेल्या. त्या पंधरवड्याचा आकडा बघून कोणी सुरमई आली नाही असं लिहिलं तर काय म्हणायचं त्याला.

म्हणून वहीत दोन वेगळ्या खुणा ठेवा. जाळं टाकलं आणि मिळालं नाही तर शून्य, गेलोच नाही तर आडवी रेघ. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण लोकांनी जमवलेल्या बहुतेक वह्या इथेच निकामी होतात, रिकामी जागा दिसते आणि सहा महिन्यांनी ती का रिकामी आहे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. गेला नसाल तर कारणही दोन शब्दांत टाका, वारा, लग्न, इंजिन, काय असेल ते.

दुसरं म्हणजे जागा, जाळं आणि वेळ बदलू नका. आज तरीच्या खाली पाग, उद्या पलीकडे गिलनेट, परवा गरी, असं झालं की तुलना कशाची कशाशी करणार? एक जागा धरा, एकाच आसाचं (भोकाच्या मापाचं) एकच जाळं, तेवढाच वेळ. बाकी धंद्याची मासेमारी हवी तिथे करा, पण आठवड्यातले एक-दोन दिवस हे नोंदीचं जाळं ठरल्या जागी पडलंच पाहिजे, मासा असो नसो. ह्या हिशेबाने मला सिंधुदुर्गातली रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, फार आवडते. तोच किनारा, तेच जाळं, जवळपास तीच माणसं, पिढ्यानपिढ्या. एखाद्या रापण संघाकडे वाटणीच्या जुन्या वह्या शिल्लक असतील तर त्या कुठल्याही सरकारी तक्त्यापेक्षा भारी, कारण रापण ओढली पण वाटायला काही नव्हतं हेसुद्धा कधी कधी त्यात सापडतं. कोणाकडे असतील तर पहिलं काम म्हणजे मोबाईलने पानापानाचे फोटो काढून ठेवा, वाळवी लागायच्या आत.

तारखेसोबत तिथी लिहा, हे मी पंचांगाच्या भक्तीने सांगत नाहीये. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या आसपास भांग (कमी जोराची), आणि खाडीतल्या माशाची ये-जा ह्या पाण्याच्या जोरावर चालते. उधाणाला पाणी लांबवर आत शिरतं, कांदळवनात, खाजणात (काठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीत) जातं, मासाही बरोबर जातो. भांगाला तोच मासा मुख्य धारेत खोलात बसून राहतो. आता तुम्ही गेल्या वर्षीच्या १० ऑक्टोबरची यंदाच्या १० ऑक्टोबरशी तुलना केलीत आणि एकदा उधाण होतं नि एकदा भांग, तर फरक पाण्याचा पडला की हंगामाचा हे कसं कळणार? तिथीला तिथी लावा. भरतीच्या वेळेचा जुना हिशेब तुमच्या घरात माहीत असेलच, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबईला बऱ्यापैकी जमतो, दक्षिणेला भरती थोडी आधी लागते आणि खाडीत जितकं आत जावं तितका उशीर होतो, तेव्हा आपल्या जागेचा फरक चार-पाच उधाणं बघून एकदाच काढून ठेवा. आणि हो, भरतीच्या कुठल्या टप्प्यावर जाळं टाकलं ते लिहायचंच, भरती लागताना, पूर्ण भरतीला की सुकतीला (ओहोटीला). आत जाणारा मासा आणि बाहेर निघालेला मासा वेगळा ओळखायची स्वस्तातली रीत हीच आहे. सुकतीच्या धारेत रात्री बोक्शीत (धारेत बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) कोळंबी सापडते तेव्हा ती बहुतेक बाहेर निघालेली असते.

पाणी मोजायला विसरू नका, आणि मोजायचं ते तळाचं. खारं पाणी जड, गोडं हलकं, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाला आणि नंतरही वर हात बुडवून चाखलं तर गोडं लागतं आणि तळाला खाऱ्या पाण्याची जीभ आत शिरलेली असते, मासा त्या जिभेत असतो. तळाचं पाणी काढायला फार काही लागत नाही. जाड काचेची बाटली, बुडाला दगड बांधायचा, तोंडाला बूच आणि बुचाला वेगळी दोरी, बाटली तळाला टेकली की बुचाची दोरी हिसडायची, बुडबुडे वर आले की बाटली भरली. वर ओढताना थोडं वरचं पाणी मिसळतं पण आपल्या कामाला चालतं. मग रिफ्रॅक्टोमीटर, हजार-दोन हजारांत मिळतो, कोळंबीच्या तळीवाल्यांकडे हमखास असतो, काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत निळा पट्टा कुठे संपतो तो आकडा वाचायचा. समुद्राचं पाणी ३५ च्या आसपास दाखवतं, साधं गोडं पाणी शून्य. दर वेळी आधी गोड्या पाण्याने शून्य तपासून घ्या नाहीतर सगळ्या वहीत तीच चूक जाईल. एक साधा थर्मामीटरही ठेवा.

खाडी-खाडीत फरक किती असतो याचं उदाहरण तुमच्या शेजारचंच आहे. तुमच्या खाडीत उतरणाऱ्या शास्त्री नदीला पावसाळा संपला की वरून येणारं पाणी आटत जातं आणि एप्रिल-मेपर्यंत खारं पाणी पार आत पोचतं. दाभोळ खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठीचं तसं नाही. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर पश्चिमेला वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि ते बारमाही चालू असतं, त्यामुळे दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला भर उन्हाळ्यातही गोडं पाणी उतरत राहतं. मग तुमच्या खाडीत जो मासा मे महिन्यात आत मैलोन्मैल जातो तो तिथे तेवढा आत जाईलच असं नाही. दाभोळवाल्या मित्राचं वेळापत्रक घेऊन आपल्या खाडीला लावू नका, एवढंच.

समुद्राच्या बाजूलाही बघायला हवं, कारण खाडीच्या तोंडाशी काय येतं ते बाहेर ठरतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी उथळावर चढतं. केरळ-कर्नाटकात याचा जोर जास्त, गोव्यापर्यंत चांगला जाणवतो, उत्तरेला कमी होत जातो. वरून नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळपास संपतो, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) कांदोळीसमोर अनेक वर्षं हेच मोजत आलीय. तळाला राहणारी कोळंबी आणि मासे मग श्वासासाठी किनाऱ्याकडे सरकतात, उथळात दाटी होते आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेऱ्यांना जाळी भरून येतात. लोक म्हणतात यंदा कोळंबी मुबलक. मुबलक असेलही, पण बरीचशी लांबची कोळंबी एका कडेला रेटली गेलेली असते. नोव्हेंबरला प्रवाह उत्तरेला फिरतो, तळाचं पाणी सुधारतं आणि हीच मंडळी पुन्हा पसरतात, तेव्हा लोक म्हणतात कोळंबी संपली. म्हणजे मासा जागेवरून हललाय हे खरं, पण पिल्लं घालायला हललाय की जीव वाचवायला हे नुसत्या वजनावरून कळत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे मासेमारी क्षेत्राचे जे संदेश येतात ते पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा उपग्रहावरून बघून काढलेले असतात, म्हणजे वरच्या थराचं चित्र, बांगडा-तारलीला ठीक. तळाच्या माशाबद्दल त्यातून थेट काही निघत नाही आणि खाडीच्या आतलं तर नाहीच.

आता खुद्द मासा. वजन लिहा, पण त्याहून लांबी महत्त्वाची. फळीवर टेप चिकटवा, एका टोकाला आडवी पट्टी ठोका, माशाचं तोंड तिला टेकवून शेपटीच्या टोकापर्यंत वाचा. काही ठिकाणी शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, तुम्ही एकच रीत धरा आणि नेहमी टोकापर्यंतच मोजा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवलेत (पापलेट १३५ मिलिमीटर वगैरे), त्यांच्याशी ताडताना त्या जातीची लांबी कुठवर धरलीय ते आधी बघा. मासे निवडून मोजू नका, हाताला मोठा येतोच, म्हणून टोपलीतून एक ओंजळ किंवा एक सूप उचला आणि त्यातले लहान-मोठे सगळे मोजा. समजा सप्टेंबरअखेर बांगडे बहुतेक १५-१६ सेंटीमीटरचे, ऑक्टोबरला १८, नोव्हेंबरला २० च्या आसपास, तर तोच जथा इथे राहून वाढतोय असं धरायला हरकत नाही, बांगडा वर्षभरात साधारण २०-२२ ला पोचतो. पण ऑक्टोबरच्या मधेच २३-२४ चे आले तर ते बाहेरून आलेले वेगळे, आणि सगळेच दिसेनासे होऊन महिन्याने १२ चे दिसले तर ती नवी पैदास. फक्त टोपल्या मोजणाऱ्याला ह्या तीनही वेळी बांगडा आला एवढंच दिसतं.

पोट फाडून गाबोळी बघायला घरातल्या बायकांची मदत घ्या, त्यांनी आयुष्यभर मासे साफ केलेत, त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते. फक्त रोज चार शब्द त्यांना विचारून लिहायचे. गाबोळी दोऱ्यासारखी बारीक नि पारदर्शक, म्हणजे मासा अजून तयार नाही. पिवळसर, दाणे दिसतायत पण अर्धं पोट रिकामं, म्हणजे तयारी सुरू. पोट गच्च आणि दाणे काचेसारखे स्वच्छ, दाबलं की आपोआप बाहेर येतात, म्हणजे आज-उद्या अंडी टाकणार, आणि याचा अर्थ ती जागा जवळपासच आहे. आणि पिशवी सैल, लालसर, सुरकुतलेली, आत दोन-चार दाणे उरलेले, म्हणजे काम झालंय. तुमच्या खाडीत एखाद्या माशाच्या फक्त सैल पिशव्याच दिसतात आणि काचेसारखे दाणे कधीच नाही, तर तो बाहेर कुठेतरी अंडी टाकून परत येतोय. ही एक नोंद महागड्या टॅगच्या बरोबरीची आहे असं माझं मत आहे, लोकांना पटत नाही ती गोष्ट वेगळी.

सगळ्या माशांच्या मागे लागू नका. चार घ्या आणि चारही वेगळ्या स्वभावाचे घ्या. काळुंदर घ्या, कारण तो खाडीतच जन्मतो, खाडीतच मरतो. काळुंदर कमी झाला तर तो स्थलांतर करून गेला असं म्हणायची सोयच नाही, पाणी बिघडलं, जास्त मारला किंवा राहायची जागा गेली, यातलंच काहीतरी. बाकीचे मासे कमी झाले त्याच वेळी काळुंदरही घसरला असेल तर दोष समुद्राला देऊ नका. दुसरी बोय, मोठी अंडी टाकायला समुद्रात जाते आणि बोटभर पिल्लं टोळीने खाडीत येतात, पिल्लं कुठल्या आठवड्यात दिसली ते लिहायला सोपं, काठावर उभं राहिलं तरी दिसतात. तिसरी कोळंबी, हिची अंडी समुद्रात, पिल्लं खाडीत येऊन काही महिने वाढतात आणि पूर्ण वयात यायच्या आधीच बाहेर निघतात, त्यामुळे खाडीत गाबोळीवाली मोठी कोळंबी शोधत बसू नका.

चौथा जिताडा, आणि त्याच्यावर जरा वेळ घालवा, कारण ह्याच्यासारखा फिरणारा मासा आपल्याकडे दुसरा नाही. गोड्या पाण्यात, खाजणात वाढतो, वयात येतो तेव्हा नर असतो, पुढे काही वर्षांनी त्याचीच मादी होते, म्हणून मोठा धूड जिताडा बहुतेक मादीच निघतो. पावसाळ्यात हे मोठे जिताडे खाली खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे येतात, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या आसपास अंडी टाकतात आणि पिल्लं भरतीबरोबर आत खाजणात, ओहोळात, भाताच्या खाचरापर्यंत शिरतात. रायगडात पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक ही पिल्लं धरून घरापुढच्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात, ती पद्धत याच ये-जा वर उभी आहे. आता तुमच्या गावात खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारा बांध) असेल आणि तिच्या उघाड्या (पाण्याच्या झडपा) पावसाळ्यात कायमच्या बंद किंवा गंजून बसलेल्या असतील तर पिल्लू आत जाणार कसं? तेव्हा वहीत उघाडी चालू की बंद हेही लिहा. मी तर म्हणेन जिताडा कमी का झाला हा प्रश्न कोणी विचारला की आधी उघाड्या मोजायला जा, मग हवामान बदलाकडे या. आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गाबोळीवाला मोठा जिताडा सापडला तर मोजा, फोटो काढा आणि जमलं तर सोडा, एक मादी म्हणजे लाखो अंडी. चढणीच्या माशांचंही तेच. पहिल्या पावसात वर शेतात-ओहोळात चढणारे गोड्या पाण्यातले मासे धरायची मजा मलाही कळते, पण नोंद करायला तारीख, कुठला ओढा आणि पाऊस किती झाला होता एवढं पुरतं, टोपली भरायची गरज नाही.

एक छोटं काम अजून सुचवतो. ढोमी, घोळ असल्या माशांच्या डोक्यात पांढरे टणक खडे सापडतात, लहानपणी खेळायला घेतले असतील तुम्ही. ते टाकू नका. धुऊन, सुकवून कागदी पाकिटात, वर माशाची लांबी, तारीख, जागा. त्या खड्यावर वाढीची वलयं असतात, पिल्लाच्या वयात तर दिवसागणिक एक, आणि त्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून मासा त्या वयात गोड्या पाण्यात होता की खाऱ्या, हे प्रयोगशाळेत काढता येतं. तुम्हाला ते घरी जमणार नाही, पण पाकिटं नीट ठेवली तर पुढे कोणी संशोधक आला की ती सोन्याच्या भावाची.

मासा पूर्वीच्या वेळेला येत नाही या बोलण्याबद्दल शेवटी. ते खोटं आहे असं नाही, पण दोन-तीन वर्षांवरून काही ठरवू नका. तारलीचं बघा, केरळात २०१२ ला जवळपास चार लाख टन उतरली आणि २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही, आणि नंतर पुन्हा वाढली. मधल्या काळात कोणी एल निनो म्हणालं, कोणी अतिमासेमारी, कोणी पाऊस, आणि सगळ्यात थोडं थोडं तथ्य आहे. असल्या माशाची तीन वर्षांची वही घेऊन हंगाम सरकला असं सांगायला गेलात तर कोणी ऐकणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. काळुंदर, बोय असल्या माशांवर पाच-सहा वर्षांत काहीतरी बोलता येतं. म्हाताऱ्या माणसांना विचारताना पूर्वी कधी यायचा असं मोघम विचारू नका, नाहीतर आमच्या वेळी होडी भरायची हे ऐकून परत याल. शिमग्याआधी यायचा की नंतर, नारळी पौर्णिमेला होता का, गणपतीत घरी कुठला मासा वर्ज्य संपल्यावर पहिला यायचा, असं सणाला धरून विचारा, सणाची आठवण पक्की असते आणि सण तिथीवर चालतात म्हणून ते आपल्या वहीशी थेट जुळतं. नावावर मात्र भरवसा ठेवू नका, एका खाडीच्या दोन काठांवर एकाच माशाला दोन नावं असतात, फोटो दाखवूनच बोला.

वही, मोजपट्टीची फळी, बाटली आणि थर्मामीटर एवढ्यावर उद्या सुरू करता येईल, रिफ्रॅक्टोमीटर पाऊस लागायच्या आत घ्या कारण पहिल्या मोठ्या पावसानंतरचे आठ दिवस खाडीचं पाणी सगळ्यात झपाट्याने बदलतं आणि तेच चुकवून चालणार नाही. तुमच्या पलीकडच्या काठावर आणि वर आत एक, असे अजून दोघं जण त्याच तिथीला त्याच पद्धतीने लिहायला तयार झाले तर मासा किती दिवसांत कुठून कुठे सरकला हेही दिसायला लागेल. वर्षभराची वही झाली की रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे घेऊन जा. शून्याचे दिवस गाळून गोड केलेली वही नेऊ नका, आहे तशी न्या, मळलेली, खवल्यांचे डाग पडलेली चालेल.